मुलींच्या रकान्यातला एक

आमच्या शाळेचा सातवीचा निकाल दरसाल शंभर टक्के लागायचा. ताडकळसच्या बाजारात आमच्या गावचा माणूस दिसला की लोक म्हणायचे, "तुमची शाळा लय नामी." मग गावाची मान ताठ व्हायची. शाळेची पायरी कधी न चढलेल्यांचीही व्हायची. मी मात्र माझ्या सातवीच्या सालापासून शंभर टक्के हे शब्द कुठं दिसले की आधी विचारते, बसले किती? आणि बसू दिले किती? हा प्रश्न लोकांना आवडत नाही. न आवडू दे.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक ओसरी. सात वर्ग, तीन गुरुजी. सातवी मोठ्या गुरुजींच्या खोलीत बसायची. मोठे गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. दारातून आत शिरताना डाव्या हाताला भिंतीचा एक तुकडा काळा रंगवलेला होता आणि त्यावर पांढऱ्या तेलरंगानं कोष्टक आखलेलं होतं. आडव्या ओळीत वर्ग, उभ्या रकान्यांत जाती. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या, इतर मागास, बाकीचे. प्रत्येकात मुलं वेगळी, मुली वेगळ्या. त्यांतही दोन घरं: पट, म्हणजे नोंदलेली नावं, आणि हजर. रेघा कायमच्या होत्या, आकडे खडूचे. रोज प्रार्थनेआधी आकडे पुसून नव्यानं लिहायचं काम माझ्याकडं होतं, कारण माझं अक्षर मोत्यासारखं होतं. हे माझं मीच सांगते. त्या शाळेत माझ्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं तेवढंच होतं आणि तेही कुणी बोलत नव्हतं.

काळ्या तुकड्याच्या भोवती चुन्याची भिंत. ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून मी पाळण्यात असताना पेटलेला वाद मी सातवीत गेले तरी मिटला नव्हता. कुणीतरी त्या भिंतीवर गेरूनं "नामांतर झालंच पाहिजे" असं लिहून जायचं. मोठे गुरुजी त्यावर चुना मारायला लावायचे. पावसाळा सरला की चुना धुपून अक्षरं पुन्हा वर यायची आणि चुन्याचा डबा पुन्हा बाहेर निघायचा.

गावात काय चाललंय ते मला तो फळा सांगायचा. कापूस फुटला की अनुसूचित जातीच्या रकान्यातली हजेरी निम्म्यावर यायची, कारण वेचणीला हात लागतात आणि लहान हात स्वस्त पडतात. बाजाराच्या दिवशी इतर मागास कमी व्हायचे. लग्नसराईत मुली सगळ्याच रकान्यांतून गळायच्या. काही वऱ्हाडातून परत यायच्या, काही यायच्या नाहीत, कारण लग्न त्यांचंच असायचं. ज्यांची वावरं मोठी, त्यांच्या पोरांचा रकाना तेवढा बारा महिने भरलेला असायचा. त्या पोरांना वर्गात काही येत होतं अशातला भाग नाही. पण ती हजर होती.

आणि सातवी, भटक्या, मुली: एक. तो एक म्हणजे मी.

आम्ही मेंढपाळ धनगर. गावात आमची तीन घरं. हा रकानाही आमच्यासाठी नवा होता. आधी आम्ही शेजारच्या रकान्यात होतो, मग वरून कुठून तरी कागद आला आणि आम्ही एक घर सरकलो. मी आबाला, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितलं तर ते हसून म्हणाले, "सरकू दे की. आपुन तं सरकतच असतोत."

ते खरंच होतं. दिवाळी झाली की आम्ही कळप घेऊन निघायचो. लोक खतासाठी वावरात मेंढरं बसवून घ्यायचे, बदल्यात ज्वारी द्यायचे. चार दिवस इथं, आठ दिवस तिथं. निघायच्या आधी आबा शाळेत येऊन माझ्या रजेच्या अर्जावर अंगठा उठवायचे. अर्ज गुरुजींनीच लिहिलेला असायचा. आबांना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण शाळेत पोरगी घातली तर शाळेचा कायदा पाळायचा, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. गुरुजींनी कागद पुढं केला की आबा अंगठा पुढं करायचे. दरसालचा रिवाज होता.

वर्षातून दोनदा आम्हाला रकान्याप्रमाणं उभं राहावं लागायचं. सवलतीच्या वह्या यायच्या तेव्हा आणि तालुक्याहून तपासणीचे साहेब यायचे तेव्हा. "अनुसूचित जातीची मुलं उभी राहा." ती उभी राहायची. बाकीचा वर्ग बघायचा. "भटक्या?" मी उठायचे, मान खाली, अर्धी उभी, अर्धी बसलेली. माझ्या शेजारी बौद्धवाड्यातली माझी मैत्रीण बसायची. ती मात्र खटकन उठायची आणि समोर बघायची. तिचे वडील नामांतराच्या मोर्चाला जाऊन तुरुंगात राहून आले होते. ती मला चिमटा काढून म्हणायची, "उठायचंच हाय तं नीट उठ की. चोरी केली का तू?" मला ते जमायचं नाही.

त्या साली सहामाहीत मी गणितात नापास झाले. उगाच खोटं कशाला बोलू? सहावीत अपूर्णांक शिकवले तेव्हा मी मेंढरांमागं होते. पण वावरवाल्यांचा एक पोरगा तीन विषयांत नापास होता आणि तो तर एक दिवसही गैरहजर नव्हता.

सातवीची परीक्षा ताडकळसच्या केंद्रावर व्हायची आणि तिचे फॉर्म संक्रांतीनंतर भरले जायचे. मला त्या परीक्षेला बसायचं होतं. सातवी झाल्याशिवाय आठवीची शाळा घेत नव्हती, आणि आठवीला गेले नाही तर पुढच्या दिवाळीला मी कळपामागं जाणार आणि मग कुणाच्या तरी घरी, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. म्हणून संक्रांत होताच मी मायच्या मागं भुणभुण लावली आणि पाथरीकडच्या एका वावरातून एकटी एसटीत बसून गावी आले. चुलतीकडं राहिले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी शाळेत गेले, फडकं घेतलं आणि फळ्यापुढं उभी राहिले.

सातवी, भटक्या, मुली: शून्य.

अक्षर मोठ्या गुरुजींचं होतं. मला वाटलं, मी नव्हते म्हणून हजरच्या घरात लिहायचं ते चुकून इथं लिहिलं असेल. मी तो शून्य पुसून एक लिहिला. तेवढ्यात गुरुजी आले.

"काय करायलीस?"

"शून्य चुकून पडला गुरुजी. पटाचा आकडा हाय हा."

"चुकून न्हाई. तुझं नाव खारीज झालंय."

खारीज म्हणजे पटावरून काढून टाकणं. निजामाच्या काळापासून आमच्याकडं शाळेच्या मोठ्या रजिस्टराला दाखल-खारीजच म्हणतात. गुरुजींनी ते उघडून दाखवलं. माझ्या नावावर तांबडी रेघ होती आणि पुढं लिहिलं होतं, "पालकाच्या अर्जावरून." आबांनी दिवाळीत अंगठा उठवला तो रजेच्या अर्जावर नव्हता, शाळा सोडण्याच्या अर्जावर होता.

गुरुजी काही राक्षस नव्हते. मला पहिली पाटी त्यांनीच दिली होती. ते सावकाश, समजुतीनं बोलले. "पोरी, तुझ्या भल्याचंच केलं मी. गणितात तू बसत न्हाईस. नापासाचा शिक्का घेऊन काय करतीस? शाळेचा निकाल खाली आला तर मला जाब द्यावा लागतो. खारीज झालं तर कुणाचंच नुकसान न्हाई."

"माझं हाय ना गुरुजी," मी म्हणाले.

त्यांनी फडकं घेतलं, एक पुसला, शून्य लिहिला आणि घंटा वाजवायला सांगितली.

मी वर्गात बसले, कारण हाकलायचं त्यांच्याही जिवावर आलं. नुसती बसून राहिले. हजेरीत माझं नाव आलं नाही. स्वतःचं नाव हजेरीत न येणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. माझ्या आधीचं नाव झालं की माझ्या तोंडात "हजर" यायचं आणि गुरुजी पुढच्या नावावर गेलेले असायचे. सुट्टीत मी लिंबाखाली जाऊन रडले. मैत्रीण शेजारी बसून बोरं खात होती. बोरं संपल्यावर म्हणाली, "नावासाठी आमच्या घरची माणसं जेलात गेली. तुला खडूसुद्धा उचलवंना का?"

मला तिचा असा राग आला की मी रडायचीच थांबले. मोठी आली शहाणी! पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडू उचलला आणि एक लिहिला.

गुरुजींनी पुसला. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा लिहिला. त्यांनी फळा लिहायचं काम दुसऱ्या पोराला दिलं. तो पोरगा लिहून गेला की मी जाऊन त्याच्या शून्याच्या जागी एक लिहायचे. गुरुजींनी मला छडी मारली, दोन्ही हातांवर. हात सुजले होते, तरी दुसऱ्या दिवशीचा एक मी जरा मोठाच काढला. आज सांगताना सोपं वाटतं. तेव्हा खडू घामानं ओला व्हायचा. पण एकदा सुरू केल्यावर थांबायची लाज वाटायला लागली.

एक गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे, कारण ती माझ्याकडून राहून गेली. त्या साली खारीज झालेली मी एकटी नव्हते. सातवीतली आणखी दोन मुलं काढली होती, एक वीटभट्टीवर गेलेला आणि एक कापसाला. दोघंही अनुसूचित जातीच्या रकान्यातली. त्या रकान्यात आधी पाच मुलं होती, मग तीन झाली. पाचाचे तीन झाले तर फळ्यावर डोळ्याला खुपत नाही. एकाचा शून्य झाला तर खुपतो. मी माझा एक रोज लिहीत होते, पण त्यांच्या तिनाचे पाच मी एकदाही केले नाहीत. माझ्या ध्यानातच आलं नाही. मैत्रिणीच्या ध्यानात होतं का, हे मी तिला पुढं कधी विचारलं नाही. त्यातला वीटभट्टीवाला पोरगा गणितात माझ्यापेक्षा हुशार होता.

फॉर्म भरायला दोन दिवस उरले असताना तालुक्याहून साहेब तपासणीला आले. जीपचा आवाज आला तसे गुरुजी धावत जाऊन फळा बघून आले. शून्य जागेवर होता. साहेबांना उतरवून घ्यायला ते बाहेर गेले आणि तेवढ्या वेळात मी उठून तो एक केला. सगळा वर्ग बघत होता. कुणी चुगली केली नाही. वावरवाल्याच्या त्या पोरानंही केली नाही.

साहेब जाडजूड, घामाघूम झालेले, जेवायच्या घाईत असलेले. त्यांनी फळ्यावरचे आकडे कागदावर उतरून घेतले आणि मग रजिस्टर मागितलं. बेरीज केली. पुन्हा केली.

"ओ मुख्याध्यापक, एक जास्त येतंय."

गुरुजींनी फळ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "चुकीनं पडलाय साहेब. लेकरांनी लिहिलेलं."

"मग मोजूनच घेऊ," साहेब म्हणाले आणि त्यांनी नेहमीचं सुरू केलं. अनुसूचित जाती उभ्या राहा. मैत्रीण खटकन उठली. बसा. जमाती. कुणी नाही. "भटक्या, मुली?"

मी उठले. पहिल्यांदाच पूर्ण उठले. मान वर, हात बाजूला, समोर बघत.

"ही कोण?"

"खारीज झालीय साहेब. सतत गैरहजर असती."

"मी हजर हाय," मी म्हणाले. "रोज हजर हाय. माझा एक हाय तिथं."

साहेबांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी पास होईन का, माझं पुढं काय होईल, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की फळा एक सांगतो, खोलीत एक उभी आहे आणि रजिस्टरात ती नाही. ते वैतागून म्हणाले, "शाळेत बसलेली पोरगी पटावर नाही, हे मी वर काय म्हणून लिहू? माझी बेरीज जुळली पाहिजे. बापाचा अर्ज घ्या आणि पुन्हा दाखल करा." मग ते जेवायला गेले. पुढं मी जिल्हा परिषदेत कारकून झाले आणि असल्या हजारो बेरजा माझ्या हाताखालून गेल्या, तेव्हा मला त्या साहेबांची जात पुरती कळली. माणसापेक्षा बेरजेला जपणारी माणसं. कधीमधी त्यांच्या हातून चांगलं घडतं, आणि त्याची त्यांना खबरही नसते.

कळप तोवर परत फिरून चुडाव्याच्या शिवारात आला होता. निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबा घोंगडी खांद्यावर टाकून शाळेत हजर झाले. मी त्यांना दारातच सगळं सांगितलं, अंगठ्याचंही. त्यांनी आपला अंगठा उलटा करून बघितला, जणू काही चूक त्याचीच होती.

गुरुजींनी अर्ज लिहून पुढं केला, शाईची डबी उघडली. आबांनी हात मागं घेतला.

"आधी पोरीला वाचू द्या."

"अरे, दाखल करायचाच अर्ज हाय."

"असंल. वाचू द्या."

मी वाचला. मोठ्यानं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा, खालच्या तारखेपर्यंत. मग आबांनी अंगठा दिला. तो धोतराला पुसत ते गुरुजींना म्हणाले, "आमी मेंढरं मोजत न्हाई गुरुजी. सांजच्याला नुसतं बघतोत, कोण न्हाई ते कळतं. एखादी लंगडी असली तं तिला काढून टाकून कळप चांगला म्हणत न्हाई. तिच्या पायानं चालतोत." आवाज चढवला नव्हता. गुरुजी शाईची डबी बंद करत राहिले.

जाताना आबा मला म्हणाले, "बस परीक्षेला. पुढचं पुढं."

मैत्रिणीनं मला अपूर्णांक शिकवले. भाकरीचे तुकडे करून शिकवले आणि निम्मी भाकरी स्वतः खाल्ली. ताडकळसच्या केंद्रावर आम्ही एकाच बैलगाडीतून गेलो. मी सगळे पेपर लिहिले.

निकाल आला तेव्हा उन्हाळा होता आणि शाळेत फारसं कुणी नव्हतं. गुरुजी कागद घेऊन बसले होते. मी दारात उभी राहिले. त्यांनी मान वर न करता सांगितलं. मी गणितात नापास झाले होते. चार गुणांनी. आणि तो वावरवाल्यांचा पोरगा दोन विषयांत नापास झाला होता. म्हणजे मला खारीजच ठेवलं असतं तरी त्या साली शंभर टक्के लागलेच नसते. हे गुरुजींच्याही लक्षात आलेलं होतं. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. खोटं कशाला, खूप रडू आलं. मला वाटलं होतं की एवढं भांडल्यावर पास तरी करतील.

संध्याकाळी आबा माझी वाट बघत ओट्यावर बसले होते. मी सांगितलं. आता दिवाळीला मेंढरांमागं, हे ऐकायची मी तयारी करून आले होते.

"बसली व्हतीस ना?" आबांनी विचारलं.

"व्हय."

"मंग पुन्ना बस."

पुढच्या साली मी बसले आणि पास झाले, पण ती गोष्ट वेगळी. मला सांगायचा आहे तो त्या नापासाच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशीचा प्रसंग. मी शाळेत गेले. फळ्यावर कोष्टकाच्या खाली निकाल लिहायला जागा होती आणि ती कोरीच होती. एरवी तिथं तेलरंगात रंगवल्यासारखे ठळक शंभर टक्के असायचे. गुरुजी म्हणाले, "नुसते टक्के लिही, बाकीचं नको." मी खडू घेतला. बसले बारा, असं लिहिलं. त्याखाली पास दहा. त्याखाली नापास दोन. गुरुजी मागं उभे होते, मला त्यांच्या चपलेचा आवाज येत होता. मी दोनाची फोड केली. नापास मुलं: एक. मग जरा थांबले, खडूची धार भिंतीवर घासून नीट केली आणि माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं, नापास मुली: एक. आणि फडकं गुरुजींच्या हातात दिलं.

त्यांनी ते घेतलं, थोडा वेळ धरलं आणि खुंटीला अडकवून ठेवलं. शाळा उघडेपर्यंत माझा एक तिथंच होता.